रानातली पालेभाजी: कुठलं पाणी टाकायचं, कुठलं राखायचं

पावसाळा लागला की ओळखीपाळखीतून मला ठरावीक निरोप येतात. "भारंगी केली, कडूजहर झाली." "अळू खाल्लं आणि घशात बारीक काटे रुतल्यासारखं झालं." "शेवग्याचा पाला उकडून, पिळून केला, नुसता चोथा लागला." तिन्ही घरांतली चूक एकच असते. मेथी-पालकाची सवय असलेला हात सगळ्या पाल्यांना एकच रीत लावतो. मग जिचं पाणी टाकायला हवं तिचं राखलं जातं आणि जिचं राखायला हवं तिचं मोरीत जातं.

रानभाज्या पौष्टिक असतात हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण ते पोषण ताटात येईपर्यंत टिकणं आणि ताटातून अंगी लागणं हे तुम्ही भाजी कशी निवडता, धुता, चिरता आणि शिजवता यावर ठरतं. कामाचा क्रम चुकला की भाजी चांगली असूनही फायदा होत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

पायरी 1: ओळख पटल्याशिवाय पान तोडू नका

फोटोवरून ओळखून आणलेली भाजी पहिल्या खेपेला शिजवू नका. कर्जत, पनवेल, पाली, वसई या भागांत कातकरी-ठाकूर बायका वाटे लावून बसतात. त्यांच्याकडून एक वाटा घ्या आणि विचारा, "मावशी, ही कशी करायची? हिच्यासारखी दिसणारी दुसरी कुठली?" दुसरा प्रश्न विसरू नका. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव 9 ऑगस्टच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. तिथेही भाजी हातात घेऊन, पान उलटून पाहता येतं.

गफलत होते अशा जोड्या पुढे देते.

टाकळा आणि कासविंदा: टाकळ्याच्या (विदर्भात तरोट्याच्या) एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानाचं टोक गोलसर असतं. कासविंद्याला चार-पाच किंवा जास्त जोड्या येतात, पानं टोकदार असतात आणि चुरडली की उग्र वास येतो. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. त्या खाल्ल्याने उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलं दगावल्याची वैद्यकीय नोंद आहे. काही गावांत कासविंद्यालाच रानटाकळा म्हणतात, म्हणून नावावर न जाता जोड्या मोजा.

घोळ आणि जमिनीलगत पसरणारी दुधी (दुधी भोपळा नव्हे, दुधी नावाचं तण): दोन्ही अंगणात, कुंडीत आपोआप उगवतात. घोळीचं खोड मांसल असतं, मोडल्यावर पाणी येतं. दुधीच्या खोडातून पांढरा चीक येतो. चीक दिसला की टाकून द्या. हा नियम फक्त घोळीपुरता आहे. पाथरीलाही चीक असतो आणि पाथरी खातात.

फोडशी आणि कळलावीचे कोवळे कोंब: कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं. तिचे सगळे भाग विषारी आहेत, कंद सर्वांत जास्त. फोडशीचं पान गवतासारखं सरळ असतं आणि बुडाशी पांढरं होत जातं.

तपासा: भाजीचं नाव, तिचा खायचा भाग आणि तिची जुळी कोण, या तीन गोष्टी तुम्ही दुसऱ्याला समजावून सांगू शकता का? नसेल तर अजून एक खेप मावशीकडे.

पायरी 2: जागा बघून आणा

पूर्वी बांधावरची भाजी बिनघोर तोडत. आता तोडू नका. बांधांवर तणनाशक मारण्याची पद्धत सरसकट झाली आहे, आणि टाकळा, कुर्डू, केना, तांदुळजा हे शेतकऱ्याच्या लेखी तणच. फवारणी झालेला पाला पहिले काही दिवस हिरवाच दिसतो. शेतमालकाला विचारा. विचारायला कोणी नसेल तर कडेच्या गवताकडे बघा. एका ठरावीक पट्ट्यातलं गवत पिवळं पडलं असेल तर तिथलं काही घेऊ नका.

महामार्गाच्या कडेची, रेल्वे रुळांलगतची, गटाराच्या पाण्यावर वाढलेली भाजीही नको. जड धातू पानाच्या आत शिरतात, ते धुऊन जात नाहीत.

तोडताना मुळं उपटू नका. फोडशीची पानं जमिनीच्या वर कापली की कंद राहतो आणि पुढच्या वर्षी भाजी तिथेच येते. टाकळ्याचे शेंडे खुडले की बगलेतून नवे फुटतात, पंधरा दिवसांनी पुन्हा खुडता येतात.

वय सर्वांत महत्त्वाचं. टाकळा पहिल्या पावसानंतरचे तीन-चार आठवडे, कुर्डू तुरा येण्याआधी, चाकवत थंडीत फुलोऱ्याआधी. फुलावर आलेली पालेभाजी चरबट, कडवट होते, आणि मग ती उकडून-पिळून करावी लागते. कोवळी आणली असती तर ती वेळच आली नसती.

पायरी 3: निवडणं त्याच दिवशी

आणलेली जुडी तशीच ओट्यावर ठेवून "उद्या बघू" म्हटलं की क जीवनसत्त्व घटायला लागलंच. पाला जितका कोमेजतो तितकं ते कमी होतं. आज करणार नसाल तर न धुता, सुती कापडात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांच्या आत संपवा. ओली भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर दुसऱ्या दिवशी काळी पडते.

भाजीगणिक निवडायची रीत वेगळी आहे.

*फोडशी*: बुडाचा पांढरा, कडक भाग बोटभर कापून टाका. पानांच्या मधली जाड शीर ओढून काढा, नाहीतर दाताखाली दोरा येतो. पानं बुडाशी एकात एक बसलेली असतात आणि लाल माती नेमकी तिथेच अडकते. एकेक पान सुटं केल्याशिवाय ती निघत नाही.

*शेवगा*: डहाळ्या रात्रभर कापडात गुंडाळून ठेवल्या की सकाळी झटकताच पानं गळतात. सोपं आहे, पण पोषणासाठी करत असाल तर ताज्या डहाळीवरूनच ओरबाडा. बारीक काड्या काढा, त्या शिजत नाहीत.

*अळू, तेरं (रानटी अळू)*: हाताला तेल लावून मगच देठं सोला. पानामागच्या जाड शिरा सुरीने तासा.

*शेवळं (रानसुरणाचे फुलोऱ्याचे कोंब)*: वरची आवरणं काढा आणि आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळसर दाणेदार भाग कापून फेका. खाज तिथे जास्त असते.

पायरी 4: आधी धुवा, मग चिरा

हा क्रम उलटला की नुकसान भरून येत नाही. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) पाण्यात विरघळतात. पान चिरलं की त्याच्या पेशी उघड्या पडतात, आणि चिरलेला पाला पाण्यात टाकला की ते पाणी पोषण घेऊन जातं.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या. अख्खी पानं त्यात बुडवा, हलवा आणि *वरून उचलून* दुसऱ्या पातेल्यात घ्या. पाणी चाळणीत ओतू नका, खाली बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. असं तीनदा, पावसातल्या फोडशीला चार-पाचदा. दुसऱ्या पाण्यात मूठभर मीठ टाकून पाच मिनिटं ठेवलं की बारीक अळ्या सुटून वर येतात. त्याहून जास्त वेळ भिजत घालू नका.

तपासा: शेवटचं पाणी ओतल्यावर पातेल्याच्या तळावरून बोट फिरवा. कचकच लागली तर अजून एक पाणी.

चिरायचं ते अगदी फोडणी टाकायच्या वेळी. सकाळच्या डब्याची भाजी रात्री चिरून ठेवण्याची सवय मेथीला जितकी वाईट, तितकीच शेवग्याला.

पायरी 5: उकडायची की नाही, हे इथे ठरवा

सगळा लेख या पायरीसाठी लिहिला आहे.

पानात आपल्याला नको असलेल्या तीन गोष्टी असू शकतात: कडवटपणा, विरघळणारं ऑक्झॅलेट (मुतखड्याला हातभार लावणारा क्षार) आणि सुईसारखे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक. पहिल्या दोन गोष्टी उकळत्या पाण्यात उतरतात. तिसरी उतरत नाही. तिला आंबट आणि पुरेसं शिजवणं लागतं. म्हणून भाज्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग: उकडा आणि पाणी टाका

भारंगी, फुलोऱ्याकडे झुकलेला कुर्डू, जून टाकळा, अंबाडी, चाकवत.

पाव किलो पाल्याला दीड लिटर पाणी खळखळ उकळा. पाणी उकळल्यावरच पाला टाका. झाकण ठेवू नका, झाकलं तर हिरवा रंग लवकर मरतो. कुर्डू, टाकळा, चाकवत यांना तीन मिनिटं पुरतात. अंबाडीला पाच-सहा. भारंगीला दहा मिनिटं, मग पाणी काढून, पुन्हा नव्या पाण्यात एकदा. भारंगीचं पहिलं पाणी गडद होतं, चाखून बघा म्हणजे दुसऱ्यांदा का उकडायचं ते कळेल. मग चाळणीत निथळून, हाताने हलकेच दाबा. चोथा होईपर्यंत पिळू नका.

सावध: हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा टाकू नका. रंग टिकतो, पण क जीवनसत्त्व आणि बी-1 जातं, पानंही गिळगिळीत होतात.

दुसरा ढीग: उकडू नका, थेंबही फेकू नका

शेवगा, फोडशी, कवला, कोवळा टाकळा, कोवळा कुर्डू. निरोगी माणसासाठी तांदुळजा, माठ आणि राजगिराही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ताज्या शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व 100 मिलिग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम 300 च्या वर दिलं आहे. पालकात कॅल्शियम 80 च्या आसपास. असा पाला उकडून पिळला की त्यातलं क जीवनसत्त्व आपण मोरीला वाढतो. लाल माठाचं गुलाबी पाणी ओतून देणारेही पाहिलेत. तो रंग म्हणजे पाण्यात उतरलेलं रंगद्रव्य, मळ नव्हे.

या भाज्या पाण्याचा हबका मारून, धुताना पानांवर राहिलेल्या ओलीतच परता. झाकण ठेवा. शेवगा सात-आठ मिनिटं, फोडशी दहा, माठ पाच.

तिसरा ढीग: आंबटाशिवाय चुलीवर ठेवू नका

अळू, तेरं, शेवळं. यांच्यातले सुईसारखे स्फटिक जिभेला आणि घशाला टोचतात, तीच खाज. नुसतं उकडून ती जात नाही. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल, शेवळांत काकडं असतात. ही आंबट फळं शेवळांबरोबरच बाजारात वाट्याने मिळतात, ती चुकवू नका. त्यांचा रस भाजी शिजताना आत जायला हवा. वरून पिळलेलं लिंबू उशिराचं असतं.

अळू चिंचेच्या कोळासकट पूर्ण मऊ होऊन पळी लावताच घोटलं जाईल इतकं शिजवा. कुकरला तीन शिट्या देऊन उघडा, देठाचा तुकडा बोटाने दाबा. मधे तंतू जाणवला तर अजून एक शिटी.

सावध: खाज आहे का हे बघायला कच्चं पान चावू नका. शिजलेल्या भाजीचा तांदळाएवढा कण जिभेच्या टोकावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. चुणचुण आली तर अजून आंबट, अजून शिजवणं.

घोळ कुठल्या ढिगात, असं विचाराल. घोळीत ओमेगा-3 गटातलं अल्फा लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं, पण ऑक्झॅलेटही भरपूर. रोज करत असाल तर उकडून पाणी टाका. महिन्यातून एकदा-दोनदा असेल तर मुगाच्या डाळीत सरळ करा.

पायरी 6: मुतखडा असेल तर ढीग बदला

ऑक्झॅलेटचा खडा होऊन गेलेल्या माणसाने माठ, राजगिरा, चाकवत, घोळ, आंबुशी या सगळ्या पहिल्या ढिगात टाकाव्यात, आणि शक्यतो ताकात किंवा दह्यात कराव्यात. दह्या-ताकातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. आपली चाकवताची ताकातली पातळ भाजी नेमकी याच तत्त्वावर बसते. पाला उकडा, निथळून घोटा, बेसन लावलेलं ताक घालून मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा, वर लसणीची फोडणी. ताक घातल्यावर ढवळणं थांबलं की ते फाटतं.

पण हेच ताक लोहाच्या शोषणात आडवं येतं. म्हणून पांडुरोगासाठी, रक्त वाढावं म्हणून भाजी करत असाल तर ताकातली करू नका. एकाच वाटीत दोन्ही कामं साधायला जाऊ नका.

पायरी 7: फोडणी आणि भांडं

तेल टाळून केलेली "डाएट" पालेभाजी ही मोठी चूक. पानातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते स्निग्धाबरोबरच शोषलं जातं. चार माणसांच्या भाजीला दोन-तीन चमचे तेल, किंवा वर ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट, एवढं पुरतं.

लोखंडी कढईत केली तर कढईचं लोह थोडं भाजीत उतरतं, आंबट असेल तर जास्त. मात्र झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि चव धातूसारखी लागते. अंबाडी, अळू यांना कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं वापरू नका.

अंबाडीबद्दल एक सांगते. उकडून निथळल्यावरही ती आंबट राहते, म्हणून तुरीची डाळ आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या घालून शिजवतात. भारंगीलाही भिजवलेले वाल घालतात. ही डाळ-कण्यांची जोड काढून टाकू नका. पाल्यात प्रथिनं थोडी असतात, ती कमतरता डाळ भरून काढते.

पायरी 8: ताटात सोबत काय

वनस्पतीतलं लोह शरीर कमी शोषतं. त्याच घासाला क जीवनसत्त्व मिळालं तर शोषण वाढतं. म्हणून गॅस बंद केल्यावर, वाढताना लिंबू पिळा, किंवा ताटात कच्चा टोमॅटो, पेरू, आवळ्याची फोड ठेवा. लिंबू कढईत उकळू नका. तिसऱ्या ढिगाला शिजताना आंबट, बाकीच्यांना वाढताना, हा फरक लक्षात ठेवा.

जेवणावर लगेच चहा घेणं बंद करा. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. तासाभराचं अंतर ठेवा.

आणि आकड्यांचं भान ठेवा. हिरवा माठ किंवा शेवग्याच्या 100 ग्रॅम पाल्यात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतं, प्रौढ स्त्रीसाठी शिफारस रोज 29 मिलिग्रॅमची आहे. हिमोग्लोबिन खूप उतरलेल्या बाईला "गोळ्या नको, शेवगा खा" असं सांगणं अन्याय आहे. डॉक्टरांची गोळी आणि भाजी दोन्ही चालू ठेवा. "पालकाच्या पंचवीस पट लोह" हा फिरणारा दावा वाळलेल्या शेवग्याच्या पावडरीची तुलना ताज्या पालकाशी करतो. ताज्याची ताज्याशी केली तर फरक दीडपटीच्या घरात येतो.

हादग्याच्या पाल्याबद्दल मात्र मला मनापासून वाटतं की आपण तो वाया घालवतो. फुलांची भजी करतो आणि पाला गुरांना टाकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यांत या पाल्याचं कॅल्शियम 100 ग्रॅममागे 900 मिलिग्रॅमच्या घरात आहे. कोवळा पाला बारीक चिरून, मुगाच्या डाळीत मूठभर घाला. चवीला किंचित कडू असतो, म्हणून सुरुवात मुठीनेच करा.

पायरी 9: पहिल्यांदा खाताना आणि उरल्यावर

नवी भाजी पहिल्या दिवशी दोन चमचे, तीही दुपारच्या जेवणात, आणि एका वेळी एकच नवी भाजी. टाकळा सारक आहे, पहिल्याच दिवशी वाटीभर खाल्ला तर पोट बिघडतं. गरोदरपणात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला अनोळखी रानभाजी चाखवू नका. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून पालेभाजीचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं. पाल्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं, म्हणून आठवडाभर काही नाही आणि एक दिवस पातेलंभर, असं करू नये.

उरलेली भाजी ओट्यावर ठेवू नका. गार झाली की लगेच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करून संपवा. लहान बाळाला शिळी पालेभाजी देऊ नका, तिच्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं.

शेवगा जास्त आला तर सावलीत, पातळ सुती कापड वर घालून वाळवा. कडक उन्हात वाळवलेला पाला पिवळा पडतो. पान बोटांत चुरताच भुगा झाला पाहिजे. वाकलं तर ओल आहे आणि डब्यात बुरशी येईल. या भुग्यात क जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही, खनिजं उरतात, म्हणून तो भाकरीच्या पिठात किंवा आमटीत माणशी एक लहान चमचा घाला आणि लिंबू तरीही ताटात ठेवा.